सांगलीतून जर्मनीला राहायला जायचंय? मग व्हिसाच्या आधी घरातली ट्रंक उघडा

माझा धाकटा भाऊ २०२३ च्या सप्टेंबरात जर्मनीला एमएस करायला गेला, आणि त्याला तिकडं नोकरी लागल्यावर भावजय गेली. दोघांच्या व्हिसाची इकडची सगळी पळापळ मीच केली, कारण आण्णांना गुडघ्याचा त्रास आहे आणि भाऊ पहिल्या वेळी पुण्यात जॉबला होता, दुसऱ्या वेळी तर तिकडंच. तेव्हापासून विश्रामबागेतून, मिरजेतून, तासगाव-पलूसकडून ओळखीपाळखीचे फोन येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ताई व्हिसाला काय काय लागतं. मी दरवेळी उलटं विचारते, दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग काय आहे? समोरचा गप्प होतो आणि मग आत आवाज देतो, आई, ट्रंकेची किल्ली कुठाय.

कारण खरं सांगते, व्हिसा सेंटरवर आमचा दोन्ही वेळा मिळून तासभर पण गेला नसेल. महिने गेले ते इथंच, शाळा, ग्रामपंचायत, कोल्हापूरचं बोर्ड, विद्यापीठ आणि बँक यांच्यात. म्हणून मी हे ज्या क्रमाने करावं लागतं त्याच क्रमाने लिहितेय. उदाहरण जर्मनीचं घेतेय कारण तेच मी स्वतः पूर्ण केलंय, बाकी देशांचं शेवटाकडं थोडक्यात सांगते.

आधी कुठला व्हिसा ते ठरवा

९० दिवसांपर्यंत जायचं असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे सी टाइप. तो फिरायला, पोराकडं जाऊन यायला, बाळंतपणाला. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस एवढाच त्याचा हिशोब. त्यापुढं राहायचं असेल, शिकायला, नोकरीला, नवऱ्याकडं किंवा बायकोकडं, तर नॅशनल व्हिसा, डी टाइप. हे दोन वेगळेच प्रकार आहेत आणि पहिल्यावर जाऊन तिकडं दुसरा करून घेऊ असं होत नाही, परत भारतात येऊनच अर्ज करावा लागतो. हे ठळक सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडं अजून लोक सांगतात की आधी व्हिजिटवर जा, मग बघू. असं कुणी सांगितलं तर तिथंच विषय थांबवा.

डी मध्ये पण कारणाप्रमाणे प्रकार आहेत. शिक्षणाचा, नोकरीचा म्हणजे त्यात डिग्रीवाल्यांना ठराविक पगाराच्या वर मिळणारं ब्लू कार्ड आलं, नर्सिंग वगैरेला डिग्री तिकडं मान्य करून घेण्याचा, फॅमिलीचा, आणि जून २०२४ पासून नोकरी शोधायला जाण्याचा चान्सनकार्ट, ज्याला लोक अपॉर्च्युनिटी कार्ड म्हणतात. त्यात भाषा, वय, अनुभव असं धरून किमान ६ पॉइंट लागतात. तुमचं कारण एकच पाहिजे आणि सगळी कागदं त्याच कारणाकडं बोट दाखवणारी पाहिजेत.

ट्रंक उघडा, सगळी कागदं जमिनीवर मांडा

हे काम मनावर घ्या. जायच्या तारखेच्या आधी निदान आठ-नऊ महिने, शिकायला जायचं असेल तर त्याच्याही आधी. दहावी, बारावी, डिग्रीची सगळी सेमिस्टरची मार्कशीटं, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट असेल तर तो, सगळं एका ओळीत मांडा, आणि वही घेऊन प्रत्येक कागदावरचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख जशीच्या तशी लिहून काढा. स्पेलिंगसकट. नजरेनं बघून चालत नाही, लिहिल्यावरच फरक दिसतो.

आपल्याकडं काय काय निघतं बघा. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, पाटील राहुल सुरेश, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर राहुल सुरेश हे गिव्हन नेम आणि पाटील हे सरनेम. यात घाबरायचं कारण नाही, महाराष्ट्रातून एवढी मुलं जातात की हा उलटसुलट क्रम त्यांना माहीत असतो, फक्त ऑनलाइन फॉर्म भरताना प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच भरायचं, मार्कशीटवर आहे तसं नाही. ॲडमिशनच्या फॉर्मला एक आणि व्हिसाला दुसरं असं करू नका.

खरी अडचण स्पेलिंगची. आमच्या आण्णांचं नाव दत्तात्रय. दहावीच्या सर्टिफिकेटवर शेवटी ए नाही, भावाच्या पासपोर्टवर ए आहे, आणि डिग्रीवर मधलाच एक ए गायब. तीन कागद, तीन वडील. शिवाय एकीकडं सुरेश आणि दुसरीकडं सुरेशराव, एकीकडं सुशिला आणि दुसरीकडं सुशिलाबाई, हे तर घरोघरी आहे. आपल्याला तो मान वाटतो, पण फॉर्म तपासणाऱ्याला ते दुसरं माणूस वाटतं. वडिलांच्या नावातला असा एखाद्या अक्षराचा फरक असेल तर नोटरीकडून, ही दोन्ही नावं एकाच माणसाची, असं इंग्रजीत ॲफिडेव्हिट करून ठेवा. आम्ही तेच केलं आणि चाललं. पण तुमच्या स्वतःच्या नावात किंवा आडनावात फरक असेल तर ॲफिडेव्हिटवर भागवू नका. मूळ कागद दुरुस्त करा नाहीतर राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घ्या. दहावी-बारावीची दुरुस्ती शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडं जाते, सातारा-सांगली-कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांचं तेच आहे. त्याला वेळ लागतो, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला जे आहे त्याच्या पलीकडं बोर्ड काही बदलत नाही. म्हणजे आधी शाळेत जाऊन जुनं रजिस्टर बघून यायचं.

जन्मतारखेचं पण तसंच. आपल्या भागात पहिलीत नाव घालताना दाखला नसला की गुरुजी १ जून लिहायचे, जुन्या पिढीत तर गल्लीच्या गल्ली १ जूनची. आताच्या मुलांचं बहुतेक नीट असतं, पण खेड्यात अजून ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला एक तारीख आणि शाळेत दुसरी असं सापडतं. भावजयीचं तेच झालं, दोन तारखांमध्ये अकरा दिवसांचा फरक. तिचा पासपोर्ट शाळेच्या तारखेवर निघालेला, म्हणून आम्ही सगळीकडं तीच तारीख धरली आणि लग्नाच्या दाखल्यावर पण तीच लावली. एक तारीख ठरवा आणि सगळे कागद तिच्या मागं आणा.

जन्माचा दाखला काढताना अजून एक. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ची. त्याच्या आधी जन्मलेल्यांची नोंद त्या त्या जुन्या नगरपालिकेच्या रजिस्टरला असते, म्हणून नुसतं महापालिकेत जन्म असं न सांगता कुठल्या गावात, कुठल्या दवाखान्यात ते सांगा. मिरजेत तर सगळ्या जिल्ह्यातून बाळंतपणाला बायका यायच्या, घर आटपाडीत आणि जन्म मिरजेत असं असतं, तेव्हा नोंद मिरजेत. आणि दाखल्यावर बाळाचं नाव आहे ना ते बघा, पुष्कळ जुन्या दाखल्यांवर ती ओळ कोरी असते.

आणि पूर. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभाग, हरभट रोड, कितीतरी घरांत कपाटांसकट सगळं भिजलं. आमच्या मावसबहिणीची मार्कशीटं एकमेकांना चिकटली ती सुटलीच नाहीत. असं झालेलं असेल तर डुप्लिकेटला आजच अर्ज टाका, दहावी-बारावीचं बोर्डाकडं, डिग्रीचं विद्यापीठाकडं, ॲडमिशनची वाट बघू नका. लॅमिनेशन मात्र करू नका, मूळ कागदावर शिक्का मारायचा असेल तर लॅमिनेट केलेल्यावर मारता येत नाही. प्लास्टिकची चेनची फाइल आणि वरच्या मजल्यावरचं कपाट, आम्ही आता तेवढंच पाळतो. सगळ्याचे स्कॅन करून ठेवा, कलर, सरळ, एका कागदाची एक पीडीएफ.

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे विषय आणि मार्क एकत्र दाखवणारा कागद, पण याच वेळी मागवा. शिवाजी विद्यापीठाच्या पोरांनी किंवा वालचंदसारख्या स्वायत्त कॉलेजच्या पोरांनी आधी आपल्याला ते कोण देणार, कॉलेज का विद्यापीठ, हे परीक्षा विभागात विचारून घ्यायचं. त्यात एक हेलपाटा वाचतो.

पासपोर्ट

सांगलीला आणि साताऱ्याला पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली चालतं. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, ६० पानीला २,०००, तत्काळला वरून २,००० जास्त. आधी असलेला पासपोर्ट किती वर्षांचा झालाय बघा, दहा वर्षांच्या पुढचा चालत नाही, दोन तरी कोरी पानं लागतात, आणि मुदत संपत आली असेल तर इथूनच नवीन करून जा.

पोलीस व्हेरिफिकेशनला आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता एक ठेवा. पुण्यात रूमवर राहणारी पोरं इथं चुकतात, अर्जावर सांगलीचा पत्ता, आणि पोलीस घरी आले की पोरगा हिंजवडीला.

दहावी पास असाल तर ईसीएनआर पासपोर्ट मिळतो, म्हणजे ठराविक देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागत नाही, त्यासाठी दहावीचं सर्टिफिकेट लावायला विसरू नका. जर्मनीला त्याचा संबंध नाही पण पुढं आखातात जायचं झालं तर येतो.

एपीएस, शिकायला जाणाऱ्यांसाठी

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांना एपीएस सर्टिफिकेट लागतं. तुमची मार्कशीटं खरी आहेत आणि तिकडच्या शिक्षणाला पात्र आहेत एवढं ते सांगतं. फी १८,००० रुपये, ऑनलाइन नोंदणी, सर्टिफिकेट पण डिजिटल येतं. बऱ्याच युनिव्हर्सिट्या ॲडमिशनच्या अर्जालाच हे मागतात, त्यामुळं ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला जायचं असेल, ज्याची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलैला आणि काही ठिकाणी त्याच्या बऱ्याच आधी संपते, तर एपीएस आदल्या डिसेंबरापर्यंत टाकलेलं बरं. भावाच्या वेळी ते नवीनच होतं आणि आम्ही दोन महिने रोज मेल बघत बसायचो. वर सांगितलेली नावाची भानगड मिटवलेली नसेल तर पहिली अडते ती इथं.

पैसे दाखवायचे, म्हणजे खरंच ठेवायचे

सांगलीतल्या शेतकरी घरांना जर्मनीची एक गोष्ट सोयीची आहे. वडिलांचे इन्कम टॅक्सचे कागद, प्रॉपर्टीचं व्हॅल्युएशन, सीएचं सर्टिफिकेट, या रगाड्यात न पडता पण व्हिसा होतो, कारण ते ब्लॉक अकाउंट मान्य करतात. पहिल्या वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च तुमच्याच नावाने तिकडच्या खात्यात आधी भरायचा आणि तिथं गेल्यावर दरमहा ठराविक रक्कम तुम्हाला मिळत राहते. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांना हा आकडा वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. भावाच्या वेळी ११,२०८ होता. युरोच्या भावाप्रमाणे रुपयात १२ ते १३ लाखांच्या आसपास, थोडं इकडंतिकडं. एक्सपाट्रिओ, फिंटिबा, कोराकल अशा कंपन्यांकडं ऑनलाइन खातं उघडता येतं.

आता हे पैसे पाठवायचे कसे, इथं आमचे तीन आठवडे गेले. आमच्या खात्याची जी शाखा आहे तिथल्या साहेबांनी परदेशी पैसे पाठवायचं काम कधी केलेलंच नव्हतं, फॉर्म ए-२ कुठला ते शोधण्यात दोन दिवस, मग फाइल दुसऱ्या शहरातल्या शाखेत गेली, तिथून एक सही कमी म्हणून परत आली. म्हणून आधीच विचारा की तुमच्या बँकेची कुठली शाखा फॉरेक्स करते, आणि पैसे त्याच बँकेत जमा करायला सुरुवात करा. पाठवताना पॅन लागतं, ॲडमिशन लेटर लागतं, ब्लॉक अकाउंटवाल्यांनी दिलेलं रेफरन्स जसंच्या तसं टाकावं लागतं, नाहीतर पैसे पोचतात पण कुणाचे ते त्यांना कळत नाही. आणि मधल्या बँका चार्ज कापतात, म्हणून शे-दीडशे युरो जास्त पाठवा. ११,८९० पोचले तर ते ११,९०४ होत नाहीत आणि त्या चौदा युरोंसाठी परत सगळा खेळ.

टीसीएस म्हणून एक आगाऊ कर असतो, आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर बाहेर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक तो कापून घेते. मान्यताप्राप्त बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या पैशांवर तो नाही. कापला गेला तरी रिटर्न भरून परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. एक साधा मार्ग म्हणजे आई आणि वडील दोघांच्या नावाने, दोघांच्या पॅनवर, अर्धे अर्धे पाठवणं, मर्यादा माणसागणिक आहे.

लोनचं सांगते. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्याच्यावर मागतात. आणि तारण म्हणून शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका द्राक्षबागायतदाराची चार एकर बाग, सातबारा कोरा, तरी नाही म्हणाले, शेवटी चुलत्याच्या एनए प्लॉटवर झालं. हे ॲडमिशन आल्यावर कळलं तर धावपळ होते, त्यामुळं घरात कुणाचा एनए प्लॉट किंवा फ्लॅट आहे, तो द्यायला तयार आहे का, हा विषय अवघड असला तरी दिवाळीत सगळे जमतात तेव्हाच काढा.

अर्ज

२०२५ पासून जर्मनीने नॅशनल व्हिसाचे अर्ज कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली. तुम्ही फॉर्म भरायचा, पीडीएफ चढवायच्या, ते प्राथमिक तपासतात, काही कमी असेल तर मागतात, आणि मग अपॉइंटमेंट घेऊन बोटांचे ठसे, मूळ कागद आणि पासपोर्ट द्यायला जायचं. महाराष्ट्राचा कारभार मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडं, सेंटर व्हीएफएस नावाची कंपनी चालवते. फी ७५ युरो, रुपयात, शिवाय सेंटरचा सर्व्हिस चार्ज.

शिक्षणाच्या अर्जाला आम्ही लावलेली कागदं अशी: ॲडमिशन लेटर, एपीएस, ब्लॉक अकाउंटचं कन्फर्मेशन, इन्शुरन्स, मार्कशीटं, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, बायोडेटा, मोटिव्हेशन लेटर म्हणजे का जायचंय ते सांगणारं पत्र, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो. फोटोवाल्याला मोबाइलवर मापाचा नमुना दाखवा, पासपोर्ट साइज म्हटलं की तो त्याच्या सवयीचा काढून देतो.

मोटिव्हेशन लेटर स्वतः लिहा. भावाने पहिलं लिहिलं ते नेटवरचं होतं, जर्मनी ही अभियांत्रिकीची भूमी वगैरे. मी त्याला म्हटलं अरे तू कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत दीड वर्ष काम केलंस ते लिही की, कास्टिंग रिजेक्ट का व्हायचं, ते कळावं म्हणून मटेरियल्स शिकायचंय, हे लिही. दोन पानांचं एक पान झालं, आणि दुसऱ्या कुणाच्या नावावर खपणार नाही असं झालं. शिक्षणात किंवा नोकरीत गॅप असेल तर ती पण तिथंच साध्या शब्दांत सांगायची, वर्षभर वडिलांच्या आजारपणात घरी होतो तर तसं. लपवलेली गॅप तारखांवरून दिसतेच.

आधी व्हिसा नाकारला तर त्याच अर्जावर फेरविचार मागायची सोय होती, रेमॉन्स्ट्रेशन म्हणायचे, ती १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता नाकारलं तर नवीन अर्ज नाहीतर बर्लिनच्या कोर्टात दावा. म्हणून अर्ज सबमिट करायच्या आधी घरातल्या दुसऱ्या माणसाला, ज्याने तो भरलेला नाही त्याला, पासपोर्ट हातात देऊन अक्षर न् अक्षर वाचायला लावा. आमच्यात आईने वाचलं. तिला इंग्रजी फारसं येत नाही, तरी पासपोर्ट नंबरातला शून्य आणि ओ तिनेच पकडला.

मुंबईला जायचं असेल तर रात्रीची महालक्ष्मी बरी, सकाळी सीएसएमटी. पण अपॉइंटमेंट सकाळी लवकरची असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा, गाडी तासभर लेट झाली की जीव टांगणीला लागतो.

व्हिसा आला की तिथंच उघडून नाव, पासपोर्ट नंबर, तारखा तपासा. स्टिकर बहुतेकदा तीन ते सहा महिन्यांचा असतो, तो बघून लोक घाबरतात. घाबरायचं नाही, तो फक्त आत जाण्यापुरता, पुढचं रेसिडन्स परमिट तिकडं मिळतं.

नवरा तिकडं, बायको इकडं

भावजयीच्या वेळी मला वाटलं होतं की आता सगळं पाठ आहे. तसं नव्हतं. फॅमिली व्हिसात अर्धे कागद तिकडून येतात. नवऱ्याचं रेसिडन्स कार्ड, पासपोर्टची प्रत, घराचा करार ज्यात किती चौरस मीटर ते लिहिलेलं असतं, पत्ता नोंदवल्याचा कागद, नोकरीचा करार, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. इकडून लग्नाचा दाखला, तिचा पासपोर्ट, फोटो, आणि जर्मन भाषेचं ए-१, म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट.

ए-१ बद्दल नीट समजून घ्या कारण इथं फार गोंधळ आहे. साधारण नियम असा की नवरा-बायकोपैकी मागून जाणाऱ्याला ए-१ पास असणं भाग आहे. पण आधी गेलेल्याकडं ब्लू कार्ड असेल तर ही अट नाही. ब्लू कार्डला पगाराची मर्यादा असते, २०२६ ला वर्षाला ५०,७०० युरो, आणि डॉक्टर, इंजिनिअर, आयटी अशा तुटवड्याच्या कामांना ४५,९३४ च्या वर. भावाकडं ब्लू कार्ड होतं म्हणजे तिला परीक्षा नसती दिली तरी चाललं असतं. तरी आम्ही तिला द्यायला लावली, आणि तो निर्णय बरोबरच होता असं मला आजही वाटतं. नवरा सकाळी सातला कामावर जातो, ही घरात एकटी, बाहेर थंडी, दुकानात कुणाशी दोन शब्द बोलता आले नाहीत तर माणूस मिटत जातं. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात ए-१ ची परीक्षा होते, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, १०० पैकी ६० ला पास. सांगलीतून ऑनलाइन क्लास करून तीन-चार महिन्यांत होतं. परीक्षेच्या जागा मात्र पटकन भरतात, क्लास सुरू करतानाच तारखेवर डोळा ठेवा.

लग्नाचा दाखला. कार्यालयात लग्न झालं, फोटो निघाले म्हणजे नोंद झाली असं नाही. गावात असेल तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडं, शहरात महापालिकेत नोंदवायचं, पत्रिका, फोटो, दोघांचे वय-पत्त्याचे पुरावे आणि तीन साक्षीदार. नवरा चार आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला असतो आणि सहीला दोघं हजर लागतात, त्यामुळं सत्यनारायणाच्या पूजेच्या आधी हे काम उरका. आमचा पहिला दाखला हातात आला तर भावाचं आडनाव मराठीत बरोबर आणि इंग्रजीत चुकलेलं. तो परत जायला पाच दिवस राहिलेले. त्या दिवशी मी त्या कार्यालयाच्या पायरीवर अक्षरशः रडले. दुरुस्त करून मिळाला चौथ्या दिवशी. म्हणून सही करायच्या आधी ड्राफ्ट मागा आणि दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून वाचा.

आणि मुलींनो, लग्नानंतर लगेच नाव बदलायला जाऊ नका. आपल्याकडं लग्न झालं की मधलं नाव पण बदलतं आणि आडनाव पण, कधीकधी पहिलं सुद्धा. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, डिग्री माहेरच्या नावाची, असू द्या की. लग्नाचा दाखला जोडला की दोन नावांचा सांधा जुळतो. पासपोर्ट नवीन नावाने केला की मग पॅन, आधार, बँक सगळं बदलत बसावं लागतं, आणि तिकडं डिग्री मान्य करून घेताना परत प्रश्न. सासरच्यांना वाईट वाटेल म्हणून घाईघाईत नाव बदललेल्या दोन मुली मला माहीत आहेत, दोघींचे सहा-सहा महिने गेले. भावजयीचं नाव आजपण माहेरचंच आहे आणि आमच्या आईने त्यावर चकार शब्द काढलेला नाही.

फॅमिली व्हिसावर गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला तिकडं नोकरी करायला पूर्ण मुभा असते, म्हणून तिच्या डिग्रीचे, अनुभवाचे मूळ कागद पण बॅगेत जाऊ द्या. पहिल्या खेपेला लोणचं-पापड भरतात आणि डिग्री कपाटात राहते.

एजंटांबद्दल

आपल्या खानापूर-आटपाडीची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम करणारी, माणसं भारतभर जाऊन सोन्याचांदीची दुकानं थाटून बसली, कुठलाही एजंट नव्हता, गावच्या माणसाने गावच्या माणसाला नेलं. परदेशाचं तसं होत नाही हे कबूल, पण विश्वास टाकायची आपली सवय तीच राहिली आणि त्याचा फायदा घेतला जातो. नोकरीसाठी पाठवतो म्हणणाऱ्याकडं परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवरचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, यादी उघडी असते. नोंदणी असलेल्या एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. लाखात मागतो, रोख मागतो, मूळ पासपोर्ट आणि मार्कशीटं ठेवून घेतो, तो माणूस नको. आमच्याच गल्लीतल्या एका नर्सिंग झालेल्या मुलीने एकाकडं तीन लाख दिले, तिला दिलेलं नोकरीचं पत्र खोटं निघालं, आणि खोटा कागद एकदा अर्जाला लागला की पुढचा प्रत्येक अर्ज अवघड होतो. पैसे गेले त्याहून ते वाईट.

बाकी देशांचं थोडक्यात

यूकेला सहा महिन्यांच्या वर जायचं तर टीबीची टेस्ट त्यांच्या मान्य दवाखान्यातच करावी लागते, आणि स्टुडंट व्हिसाला पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. इथं उसाचं बिल किंवा बेदाण्याची पट्टी आली आणि एकदम मोठी रक्कम जमा झाली तर कारखान्याची, अडत्याची पावती जपून ठेवा. कॅनडाला विद्यार्थ्यांना सप्टेंबर २०२५ पासून राहण्याच्या खर्चापोटी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, फी आणि प्रवास वेगळा. अमेरिकेला शिकायला जायचं तर युनिव्हर्सिटीकडून आय-२० हा ॲडमिशनचा फॉर्म, मग विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग इंटरव्ह्यू, आणि तिथं सगळं त्या दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यावर. आखातात नर्स म्हणून जाणाऱ्या मिरजेच्या मुलींनी लक्षात ठेवा, पासपोर्ट ईसीएनआर असला तरी ईसीआर यादीतल्या, म्हणजे अशी परवानगी लागणाऱ्या, १८ देशांना जाताना तुमचं काम ई-मायग्रेटमधूनच व्हावं लागतं.

पोचल्यावर

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आनमेल्डुंग म्हणतात. त्याला घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, तो देणार नाही म्हणणारी रूम स्वस्त असली तरी घेऊ नका, कारण या नोंदीशिवाय बँक, इन्शुरन्स, रेसिडन्स परमिट काहीच पुढं सरकत नाही. रेसिडन्स परमिटची अपॉइंटमेंट परदेशी लोकांच्या कार्यालयात, आउसलेंडरबेहोर्डं, पोचल्या पोचल्या मागायची, मोठ्या शहरात ती महिन्यांनी मिळते आणि व्हिसाचा स्टिकर तोवर संपत येतो. मागणी केल्याची मेल जपून ठेवायची. विद्यार्थ्यांचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स महिन्याला दीडशे युरोच्या आसपास, तो सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी इथूनच एक ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊन जायचा. काम करायचं असेल तर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, त्याच्या वर नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

आणि पहिल्याच दिवशी खालच्या पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवायचं. तिकडं पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो. टॅक्सचा नंबर, बँकेचा पिन, सरकारी पत्रं, सगळं पोस्टाने येतं. भावाच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, त्याची पहिली तीन पत्रं परत गेली. मग त्याने वहीचं पान फाडून पासपोर्टवरचं स्पेलिंग बघून मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं, वर सेलोटेप मारला, आणि मला फोटो पाठवला की ताई, एकदा वाचून बघ बरोबर आहे का.